बेचाळीस जणांना खाली सोडले

मित्रांनो, मी एक जुना रहाट आहे. तुम्हाला मित्र म्हणतो आहे ते केवळ बोलायची रीत म्हणून. खरं विचाराल तर माणसांवर माझा राग आहे, आणि तो का आहे हे सांगायलाच आज मी तोंड उघडलं आहे.

डोंगरावरच्या एका किल्ल्यात, अगदी कड्याच्या टोकाला, मी उभा आहे. माझ्या पुढ्यात दरी आहे. तळाशी नदी, नदीवर दगडी पूल, पुलापलीकडे लाल कौलांचं गाव. माझ्या पाठीमागे दोन संग्रहालयं आहेत. शिपायांच्या जुन्या बराकीत तलवारी आणि बंदुका मांडल्या आहेत, तर धान्याच्या कोठारात भांडीकुंडी, जाती आणि दिवे. लोक गाड्यांतून वर येतात, तलवारींपुढे "अबब" म्हणतात, भांड्यांपुढे जांभया देतात आणि मग दरी बघायला माझ्यापाशी येतात. येतात ते थेट माझ्यावर रेलतात. कोणी माझ्या मुठीला पिशवी अडकवतो, कोणी अंगावर खिळ्याने नाव कोरतो. माझ्या डाव्या खांबावर एकूण एकतीस नावं आहेत. त्यांतल्या एकाही माणसाला मी ओळखत नाही आणि ओळख करून घेण्याची मला हौसही नाही.

माझा जन्म भांडणात झाला. मला घडवणारा सुतार आणि लोहार यांच्यातून विस्तव जात नव्हता. सुताराने काळ्या लाकडाचं एकसंध खोड तासून माझं आडवं धूड तयार केलं आणि ते दोन खांबांवर बसवलं. लोहाराने त्याला लोखंडी पट्ट्या ठोकल्या, दोन्ही टोकांना फिरवायच्या मुठी लावल्या. सुतार म्हणाला, "पट्ट्या सैल आहेत." लोहार म्हणाला, "लाकूड ओलं आहे." दोघेही खोटं बोलत होते. पण एकमेकांना चूक ठरवायच्या ईर्ष्येने दोघांनी इतकं चोख काम केलं, की दीडशे वर्षं झाली तरी माझा एक सांधा हललेला नाही.

तेव्हा किल्ल्यावर गाडीरस्ता नव्हता. एक पायवाट होती, ती वळणं घेत घेत मोठ्या दरवाजातून वर यायची. माणसं चढायची, पण पोती कोण चढवणार? ते माझं काम. माझ्या अंगाभोवती दोरखंड गुंडाळलेला असे आणि त्याच्या टोकाला लाकडी पेटारा. दोन माणसं मुठी फिरवत, आणि खालून पीठ, मीठ, तेल, सरपण, पत्रं वर येत. एकदा तर एक वासरू आलं. ते वर पोहोचेपर्यंत असं हंबरलं, की शिपायांनी त्यालाच किल्लेदाराचं नाव दिलं. वस्तू खाली सोडायची असेल तेव्हा काम उलटं होई. ओझं स्वतःच्या वजनाने जायला बघे. त्याला आवरायला माझ्या एका टोकाला दुसरा एक दोर वेढलेला होता. त्याला आम्ही लगाम म्हणत असू. एक माणूस तो लगाम दोन्ही हातांनी आवळून धरे आणि पेटारा हळूहळू खाली उतरे. लगाम सुटला तर पेटारा दगडासारखा गेलाच म्हणून समजा.

मी फिरताना फार करकरत असे. शिपाई मला "कुरकुऱ्या" म्हणत आणि जाता-येता लाथ घालत. एकच माणूस मला लाथ मारत नसे. तो म्हणजे माझा रहाटवाला. तसा तोही गोड नव्हता, मित्रांनो. तिरसट होता. रोज सकाळी माझ्या सांध्यांत तेल घालायचा आणि तेवढा वेळ कोणी बोलायला आलं तर त्याच्या अंगावर जायचा. एकदा किल्लेदाराने फर्मावलं, "चार पोती एकदम घाल." रहाटवाला म्हणाला, "तीनच जातील. चौथं तुम्ही पाठीवर न्या." किल्लेदाराने त्याला मुजोर म्हटलं, आठ दिवस कोठडीत टाकलं. तो सुटून आला आणि त्याने पुन्हा तीनच पोती घातली.

त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी किल्ल्यावरच राहत. ती मुलगी माझ्या खांबाला पाठ टेकून मोजणी शिकली. वर येणारी पोती मोजत मोजत.

आता त्या दिवसाचं सांगतो. उन्हाळा होता, दुपारची वेळ. मुदपाकखान्याच्या धुराड्यातून ठिणगी उडाली आणि तबेल्यातल्या वाळक्या गवताला आग लागली. वारा सोसाट्याचा. बघता बघता बराकीचं छप्पर पेटलं. मोठा दरवाजा हा एकच बाहेर जायचा मार्ग, आणि त्या दरवाजाच्या बरोबर डोक्यावर दारूकोठार. पिंपांमागून पिंपं तोफेची दारू. किल्लेदार ओरडला, "दरवाजाकडे कोणी फिरकू नका! कोठार उडालं तर चिंधड्या होतील." मग जायचं कुठे? धूर तर कोंडत चाललेला. किल्ल्यावर त्या दिवशी एकूण त्रेचाळीस माणसं होती.

रहाटवाल्याने कोणालाच विचारलं नाही. त्याने पेटारा कड्यावर आणला आणि म्हणाला, "पोरं आधी."

पहिल्या खेपेला तीन मुलं गेली. मग उरलेली मुलं, मग बायका, दोन-दोन करून. त्याची स्वतःची मुलगी अकरावी. ती खाली उतरली आणि गावात जा म्हटलं तरी गेली नाही. कड्याच्या पायथ्याशी उभी राहून येणारा एकेक माणूस मोजत राहिली. वर घोड्यांचा मोतद्दार रिकामा पेटारा ओढून घेई आणि रहाटवाला भरलेला पेटारा लगाम धरून खाली सोडी. किल्लेदारही गेला. तो सदतिसावा. पंधराव्या-सोळाव्या खेपेला मला लगाम ओला लागला. आधी वाटलं, याने पाणी मारलं असेल. ते पाणी नव्हतं. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. मोतद्दार म्हणाला, "दादा, मी धरतो आता." तो म्हणाला, "तुला लगामाचं येत नाही. तू ओढ." शेवटच्या खेपेला त्याने मोतद्दारालाही पेटाऱ्यात बसवलं. मोतद्दार रडायला लागला, "अरे, पण मग तुला कोण सोडणार?" रहाटवाला खेकसला, "बस मुकाट्याने. हात दुखतायत माझे."

बेचाळीस माणसं. एकाला खरचटलंसुद्धा नाही.

त्रेचाळिसावा माझ्या खांबाला टेकून बसला. तोंडावर ओलं फडकं बांधून तो तसाच बसून राहिला. मोठा धमाका व्हायची आम्ही दोघं वाट बघत होतो. तो झालाच नाही. आग दारूकोठारात शिरली, पिंपं जळली, पण नुसती फुसफुसून. दारू कित्येक वर्षांची सर्दावलेली होती. कोणी कधी तपासलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आग विझली तेव्हा दरवाजातून लोक परत आले आणि त्याला उचलून घेऊन गेले.

त्याचे हात पुन्हा उघडले नाहीत. बोटं लगाम धरल्यासारखी वळली ती तशीच राहिली. त्यानंतर नऊ वर्षं तो जगला, आणि नऊ वर्षं त्याला त्याची मुलगी घास भरवायची. शाबासकी म्हणाल तर कसलीही मिळाली नाही. उलट वरून जो अधिकारी चौकशीला आला तो म्हणाला, "स्फोट तर झालाच नाही. एवढी घाई कशाला केली?" माझा राग पहिल्यांदा पेटला तो तेव्हा.

पुढे गाडीरस्ता झाला. शिपाई गेले. माझा दोरखंड कोणी तरी बैलगाडीला बांधायला नेला. वीस वर्षं माझ्यावर शेळ्यांनी पाठ घासली. शेळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी कधी काही कोरलं नाही.

मग संग्रहालयं झाली आणि वाटाड्या आला. त्याला सगळे पोपट म्हणत, कारण एकदा ऐकलेलं तो घडाघडा म्हणून दाखवी. किल्ल्याच्या म्हाताऱ्या आचाऱ्याकडून त्याने माझी हकीकत ऐकली होती. तो आचारीही त्या बेचाळिसांतलाच. मित्रांनो, हे नीट ऐका: पोपटाला खरं काय ते ठाऊक होतं. पहिली दोन वर्षं तो खरंच सांगत होता. पण लोक काय विचारत? "मग स्फोट झाला?" तो म्हणे, "नाही, दारू सर्दावलेली होती." लोक म्हणत, "हात्तिच्या!" आणि पाठ फिरवून दरीचे फोटो काढत.

एके दिवशी तो सांगत होता, "या रहाटावरून बेचाळीस जणांना खाली सोडलं." गर्दीतला एक जाडजूड माणूस डोळे विस्फारून म्हणाला, "सोडलं म्हणजे? दरीत? मारायला?"

पोपटाने गर्दीकडे बघितलं. सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे वळले होते. इतकी माणसं एकदम त्याच्याकडे कधीच बघत नव्हती. तो म्हणाला, "तेच की."

दोन शब्द. तिथून सुरू झालं. महिन्याभरात त्या बेचाळिसांचे कैदी झाले. पावसाळ्यापर्यंत रहाटवाल्याला मिशा आणि लाल डोळे फुटले. वर्षाअखेर तो कैद्यांना सोडताना हसत असे. लोक अंगावर काटा आला म्हणून एकमेकांना दंड दाखवत. संग्रहालयाच्या साहेबांना गर्दी वाढलेली दिसली. त्यांनी काहीही न विचारता माझ्यापुढे फलक ठोकला: "या रहाटावरून बेचाळीस कैद्यांना दरीत टाकण्यात आले." मी मुका. मी काय करणार? माझ्या अंगात फिरायचं बळ असतं, तर त्या दिवशी त्या पोपटाला मुठीचा एक तडाखा नक्की बसला असता.

अशी सहा वर्षं गेली. मग गावातल्या शाळेची सहल आली. पोपट रंगात आला होता. "आणि तो रहाटवाला, मुलांनो, एकेकाचे हात बांधायचा आणि..." तेवढ्यात एक मुलगा ओरडला, "गुरुजी, ही रहाटवाल्यांच्या घरातली आहे!" सगळा वर्ग एका मुलीकडे वळला. दहा वर्षांची असेल. तिने काय केलं, ठाऊक आहे? आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले. जणू तिच्याच हातांनी काही केलं होतं. परतीच्या वाटेवर मुलं ओरडत गेली, "ए फाशीवाली! ए, दरीत टाकू नको हं!" गुरुजी गाडीत जागा धरायला पुढे गेले होते.

पुढच्या रविवारी एक म्हातारी काठी टेकत वर आली. सोबत ती मुलगी होती. म्हातारी माझ्यापाशी आली, डाव्या खांबाला तिने पाठ टेकली आणि मी तिला ओळखलं. अकरावी! सत्तर वर्षांनी ती आली होती. ती मुलगी तिची नात.

पोपट तिसेक लोकांना घेऊन आला आणि सुरू झाला. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं का तुझं?"

"आजी, प्रश्न शेवटी विचारायचे असतात."

"प्रश्न नाही. तू खोटारडा आहेस, एवढंच सांगायचंय."

लोक हसले. पोपटही हसला. "तुम्ही होतात का तेव्हा इथे?"

"होते की. त्या बेचाळिसांतली मी अकरावी. तुझ्या हिशेबाने दरीत पडून मेलेली. तो माझा बाप होता."

हसू थांबलं. पण कोणाला लाज वाटली असं समजू नका. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "हे पण कार्यक्रमातच आहे वाटतं." दुसरा एक म्हणाला, "आजी, जरा बाजूला सरता का? फोटोत येताय."

तेवढ्यात साहेब आले. त्यांना भांडण नको होतं. त्यांना कधीच काही नको असे. ते म्हणाले, "बाई, तुमच्या भावना समजतात. पण कागद आहे का काही? संग्रहालयात तोंडी गोष्टींना जागा नसते."

"मग हा फलक कुठल्या कागदावरून लिहिलात? तो कागद दाखवा."

साहेबांनी पोपटाकडे बघितलं. पोपटाने दरीकडे बघितलं.

"फलक मंजूर झालेला आहे," साहेब म्हणाले.

"माझ्या नातीला शाळेत फाशीवाली म्हणतात. तेही मंजूर झालंय का?"

साहेब चष्मा पुसत निघून गेले. लोकही पांगले. मग पोपट म्हातारीपाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आजी, खरं काय ते मला माहीत आहे. दोन वर्षं मी खरंच सांगत होतो. लोक जांभया देत होते हो. माझंही पोट आहे."

मला वाटलं, ती नरमेल. माणसं अशा वेळी नरमतात. ती म्हणाली, "माहीत नसतं तर माफ केलं असतं. माहीत असून केलंस ना? मग आता ऐक. मी मरेपर्यंत दर रविवारी येईन."

आणि ती आली. दर रविवारी पोपट बोलून संपला, की ती बोलायची. ऊन असो, धुकं असो. पोपट आवाज चढवी, ती काठी आपटे. त्याने पहारेकऱ्याला सांगून तिला दरवाजातच अडवलं, तर तिने दरवाजात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. तिला वर सोडलेलं परवडलं, असं पहारेकऱ्यालाच वाटलं. कोणी तिला वेडी म्हणालं, कोणी हटवादी. मला तिच्या बापाची आठवण येई.

शेवटी साहेब कंटाळले. नवा फलक आला. रंगही न वाळलेला फलक त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतला. त्यावर लिहिलं होतं: "या रहाटावरून बेचाळीस जणांना खाली सोडण्यात आले."

"कैदी काढलं, दरी काढली," साहेब म्हणाले. "आता तर कोणाचीच तक्रार नको."

म्हातारीने नातीकडून तो दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "शहाणे आहात. हा वाचून तुमचा पोपट उद्याही तेच बोलेल. एक शब्द राहिला. सुखरूप."

"आता फलकावर जागा नाही, बाई."

जागा होती, मित्रांनो. दोन ओळींच्या मध्ये चांगली वीतभर होती. मी समोरच उभा होतो.

रंगाऱ्याचा डबा अजून तिथेच होता. नातीने आजीकडे बघितलं. आजीने मान हलवली की नाही, मला सांगता येणार नाही. पण मुलीने ब्रश उचलला आणि साहेबांच्या देखत दोन ओळींच्या मध्ये लिहिलं: सुखरूप. रु ऱ्हस्व काढला, मग जीभ दातांत धरून तो दीर्घ केला.

"ए! सरकारी फलक आहे तो!" साहेब ओरडले. पहारेकऱ्याने फडकं आणून शब्द पुसला. सगळा पुसला गेला नाही, डाग राहिला. पुढच्या रविवारी मुलगी स्वतःचा ब्रश घेऊन आली. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्या रविवारी पहारेकरी म्हणाला, "साहेब, फडकी संपली." फडकी संपली नव्हती. एवढं एक खोटं मात्र मला आवडलं.

शब्द राहिला. ठळक, वाकडा, एका मुलीच्या अक्षरातला. आणि आता पोपटाची पंचाईत झाली. "दरीत सोडलं" म्हटलं की कोणी तरी फलकाकडे बोट दाखवून विचारतं, "मग सुखरूप कसं?" तेव्हा त्याला सगळं सांगावं लागतं. दात-ओठ खात सांगतो. लोक अजूनही विचारतात, "स्फोट झाला का?" तो म्हणतो, "नाही झाला." निम्मे अजूनही पाठ फिरवतात. पोपट आणि म्हातारी आजही एकमेकांशी बोलत नाहीत. मीही पोपटाला माफ केलेलं नाही. करणारही नाही. शाळेतली मुलं मुलीला आता फाशीवाली म्हणत नाहीत. तिची क्षमाही कोणी मागितली नाही.

पण परवा तीच सहल पुन्हा आली. मुलीने माझी गंजलेली मूठ दोन्ही हातांनी धरली. ज्या मुलाने मागे तिच्याकडे बोट दाखवलं होतं, त्याला ती म्हणाली, "धरून बघ. बेचाळीस माणसं होईपर्यंत धरायचं." त्याने धरली, ती आकडे मोजू लागली. पन्नासपर्यंत आकडेही झाले नसतील, त्याचे हात दुखले. मूठ सोडून तो आपले तळवे बघू लागला.

मित्रांनो, मला तेल घाला, माझ्यावर नावं कोरू नका, हे तर मी सांगणारच. गंज मला लागतो आहेच. लाकूड आहे, लोखंड आहे, कधी तरी जाईन. त्याचं एवढं दुःख नाही. पण जी वस्तू बोलू शकत नाही आणि जो माणूस आता उत्तर द्यायला उरला नाही, त्यांच्याबद्दल बोलताना जीभ सैल सोडू नका. समोर गर्दी असेल, सगळे कान टवकारून बसले असतील, आणि खरं सांगितलं तर उठून जातील अशी भीती वाटत असेल, तेव्हा तर मुळीच नाही. उठून गेले तर जाऊ देत. तुम्ही लगाम धरून ठेवा.